सकाळी उतारावर गाडी सुटते, संध्याकाळी नाही: विजेच्या गाडीच्या ब्रेकांबद्दल

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही फर्मागुडीला राहता, नोकरी पणजीत. पेट्रोलची गाडी देऊन काही महिन्यांपूर्वी विजेची घेतली. रात्री घरी चार्जिंगला लावता, सकाळी शंभर टक्के. पण सकाळी म्हार्दोळच्या बाजूने उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी आवरत नाही, सुटतच जाते. संध्याकाळी फोंड्याच्या बाजारात उतरताना तीच गाडी, तसाच उतार, आणि पाय काढला की छान दबते. दुसरी तक्रार: हलका ब्रेक दाबलेला असताना रंबलर किंवा खड्डा आला की क्षणभर गाडी पुढे ढकलल्यासारखी वाटते. तिसरी: पावसात दोन दिवस गाडी उभी राहिली की पहिल्या ब्रेकला खर्र-खर्र आवाज. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला नाही, ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून गाडी परत दिली. घरी बाबा म्हणतात, उतारावर न्यूट्रल करून बघ. आणि तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे: एक दिवस ब्रेक फेल तर होणार नाहीत ना?

तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी ब्रेक बिघडलेले वाटत नाहीत. तिन्ही गोष्टींना कारणं आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पण ‘नॉर्मल आहे’ एवढ्यावर गिऱ्हाइकाला परत पाठवणं मला पटत नाही. नॉर्मल असेल तर का, आणि कधी नॉर्मल राहणार नाही, हे सांगायला पाच मिनिटं लागतात. मी डिचोलीत ब्रेक आणि सस्पेन्शनचंच काम करतो. २०१२ मध्ये खाणी थांबेपर्यंत आमच्याकडे मुख्यतः टिपरांचे लायनर यायचे, मग टॅक्सी आणि घरच्या गाड्या, आणि आता विजेच्या गाड्याही रांगेत असतात. तुमची गाडी मी पाहिलेली नाही आणि मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे काही ठिकाणी ‘तुमची गाडी अमुक प्रकारची असेल तर’ असं म्हणावं लागेल.

मूळ अडचण अशी आहे की तुमच्या गाडीत दोन वेगवेगळे ब्रेक आहेत आणि गेल्या काही महिन्यांत तुमच्या पायाला त्यातल्या एकाचीच सवय लागली आहे. ज्याची सवय लागली तो अटी घालून काम करतो. दुसरा अटी घालत नाही, पण तो तुम्ही फारसा वापरतच नाही.

पहिला ब्रेक म्हणजे मोटरच. पाय काढला की इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या डीसी विजेची मोटरसाठी तीन फेजची एसी करणारा डबा, मोटरच्या गुंडाळ्यांमधल्या प्रवाहाची वेळ अशी फिरवतो की चुंबकीय ओढ चाकाच्या फिरण्याच्या उलट दिशेला लागते. चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते, ती इन्व्हर्टरमधून उलट वाटेने बॅटरीत जाते. यासाठी वेगळा डायनामो बसवलेला नसतो. पळवायला जी मोटर तीच थांबवायला. यालाच आपण रीजेन म्हणतो. मोटरचा प्रतिसाद फार जलद असतो, काही हजारांश सेकंदांत जोर कमीजास्त होतो, म्हणून पायाखाली ते इतकं मऊ लागतं.

दुसरा ब्रेक म्हणजे जुनाच: पेडल, तेलावर दाब देणारा मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइल, पॅडना डिस्कवर दाबणारा कॅलिपर, पॅड आणि डिस्क, किंवा मागे ड्रम. ‘इलेक्ट्रॉनिक ब्रेक’ असं ऐकून काहींना वाटतं की आता फक्त वायरी असतात. आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत तेल आणि पॅड आहेतच. इलेक्ट्रॉनिक आहे ते वरचं डोकं: कुठल्या ब्रेकने किती जोर लावायचा हे ठरवणारं.

आता सकाळचा उतार. रीजेनने तयार झालेली वीज कुठेतरी जायला हवी. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर तिच्यात आणखी कोंबता येत नाही. लिथियमच्या सेलला व्होल्टेजची वरची मर्यादा असते: निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाच्या सेलला साधारण ४.२ व्होल्ट, लोह-फॉस्फेटच्या सेलला ३.६५. त्यापलीकडे गेलं की सेल खराब होतो आणि पुढे धोकाही असतो. म्हणून बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, जिला बीएमएस म्हणतात, गाडीच्या मुख्य संगणकाला सतत सांगत असते की या घडीला मी इतके किलोवॅट घेऊ शकते. शंभर टक्क्यांना हा आकडा जवळजवळ शून्य असतो. घरचा पंधरा अँपिअरचा सॉकेट तुमच्या बॅटरीला तीनेक किलोवॅटने भरतो, तोही शेवटी शेवटी हात आखडता घेतो. रीजेन मात्र एकदम वीस-तीस किलोवॅट घेऊन दारात येतं. भरलेली बॅटरी ते नाकारते, आणि पाय काढल्यावरची ती आवरण्याची ओढ नाहीशी होते.

मंगेशी, कुंडई ओलांडून बाणस्तारीच्या पुलापर्यंत जाईतो बॅटरी थोडी उतरते, आणि रीजेन हळूहळू परत येतं. तुमच्या लक्षात आलं असेल की पुढे जुन्या गोव्याजवळ गाडी पुन्हा ‘नेहमीसारखी’ वागते. संध्याकाळी फोंड्याला उतरताना तर बॅटरीत भरपूर जागा असते.

जागा किती लागते याचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा करून ठेवावा. माणसांसकट गाडी १६०० किलोची धरा. शंभर मीटर उंचीवरून उतरली तर तिच्यातली ऊर्जा साधारण ०.४४ युनिट, आपल्या वीजबिलातलंच युनिट. त्यातलं काही टायरच्या घर्षणात आणि वाऱ्यात जातं, काही मोटर आणि इन्व्हर्टरमध्ये. बॅटरीत पोचतं ते पाव युनिटच्या आसपास. तीस युनिटची बॅटरी असेल तर एक टक्काही नाही. म्हणजे घरून निघताना ९० किंवा ९५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवलं तर जागेची अडचण मिटते, आणि तेवढ्या पाच-दहा टक्क्यांनी तुमच्या पणजीच्या फेरीला काही फरक पडत नाही. काही गाड्यांत ९५ टक्क्यांनाही रीजेन अर्धंमुर्धंच मिळतं, काहींत ९० च्या खाली आल्यावर पूर्ण मिळतं. हे मॉडेलवर आहे. डॅशबोर्डवरचा पॉवरचा काटा पाहत चार दिवस चालवा, तुमच्या गाडीचा आकडा तुम्हालाच सापडेल. बॅटरी लोह-फॉस्फेटची असेल तर बऱ्याच कंपन्या मधूनमधून शंभर टक्के भरायला सांगतात, कारण त्या रसायनात चार्ज किती उरला हे ओळखणं बीएमएसला कठीण जातं. ते काम शनिवारी रात्री करा, जेव्हा सकाळी घाई नसते.

मोठ्या घाटांचा हिशेब वेगळा. चोर्ला किंवा अनमोड उतरताना पाचशे मीटर उतार धरला तर सव्वादोन युनिटांच्या आसपास ऊर्जा सुटते, त्यातलं एक-सव्वा युनिट बॅटरीत परत येऊ शकतं. बेळगावात शंभर टक्के भरून निघालात तरी घाट लागेपर्यंत पन्नासेक किलोमीटर झालेले असतात, बॅटरी बरीच खाली आलेली असते, तेव्हा भरलेल्या बॅटरीची अडचण तिथे सहसा येत नाही. येते ती घाटमाथ्यावर रात्रभर राहून, तिथेच चार्ज करून, सकाळी थेट खाली निघणाऱ्यांना. त्यांनी ९० टक्क्यांना वायर काढावी.

बॅटरी भरलेली असणं ही एकच अट नाही. बॅटरी फार गार असेल तरी ती जोरात चार्ज घेत नाही. हिमाचलात हे जाणवतं, गोव्यात नाही. आपल्याकडे उलट होतं: मे महिन्यात दुपारी फास्ट चार्जरवरून काढलेली गाडी लगेच उतारावर नेली तर तापलेल्या बॅटरीमुळे रीजेन कमी मिळू शकतं. आणि अगदी कमी वेगात, चालत्या माणसाच्या वेगाला आलं की, मोटरचा ब्रेक आपोआप विरतो. शेवटचं थांबणं बहुतेक गाड्यांत पॅडच करतात.

मग प्रश्न येतो: गाडीच्या संगणकाने ही उणीव स्वतः भरून का काढली नाही? हे गाडीच्या प्रकारावर आहे. स्वस्तातल्या बऱ्याच विजेच्या गाड्यांत व्यवस्था साधी असते. पाय काढला की रीजेन. पेडल दाबलं की तेलाचे ब्रेक, पेट्रोलच्या गाडीसारखेच. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पेट्रोलच्या इंजिनात आयता मिळतो, इथे इंजिनच नाही म्हणून विजेवरचा छोटा व्हॅक्यूम पंप बसवतात. शांत जागी उभं राहून दोन-तीनदा ब्रेक दाबलात आणि बॉनेटखालून काही सेकंद घर्र आवाज आला तर तो हाच पंप.

महाग गाड्यांत पेडल आणि ब्रेक यांच्यामध्ये संगणक बसलेला असतो. पेडल किती खाली गेलं हे सेन्सर मोजतो, तुम्हाला किती थांबायचंय ते ठरतं, आणि संगणक मोटरला विचारतो की तू किती देतेस. उरलेलं तो तेलाकडून घेतो. व्हॅक्यूमऐवजी विजेच्या मोटरने मास्टर सिलिंडर ढकलणारा बूस्टर असतो, बॉशचा आयबूस्टर या प्रकारातला. अशा गाडीत बॅटरी भरलेली असली तरी पेडलवर पाय ठेवल्यावर गाडी रोजच्याइतकीच थांबते, कारण मोटरचा वाटा पॅड उचलतात. काही मॉडेलांत पाय नुसता काढल्यावरही पॅड हलके लावून उणीव भरतात, बऱ्याच मॉडेलांत नाही.

तुमची गाडी कुठल्या प्रकारची हे ओळखायची एक ढोबळ रीत आहे. बॅटरी सत्तरेक टक्के असताना, मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून पन्नासच्या वेगात पाय काढा आणि पॉवरचा काटा हिरव्या, म्हणजे चार्जिंगच्या, बाजूला किती जातो ते पाहा. मग पेडल अगदी हलकं दाबा. काटा हिरव्यात आणखी आत गेला तर पेडलही मोटरला बोलावतंय. जिथल्या तिथे राहिला आणि गाडी मात्र जास्त थांबली तर पेडल फक्त पॅडचं आहे. मधली काही मॉडेलंही असतात जी पेडलवर थोडंसंच रीजेन वाढवतात, तेव्हा या परीक्षेवर पैज लावू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची पहिल्या प्रकारची वाटते, पण रंबलरची तक्रार वाचून शंका येते.

कारण तो रंबलरचा धक्का दुसऱ्या प्रकारात जास्त जाणवतो, आणि या विषयावर मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. होतं असं: तुम्ही सिग्नलजवळ येताना हलका ब्रेक धरला आहे आणि सगळं थांबवणं मोटर करते आहे. पुढचं चाक रंबलरच्या पट्ट्यांवर आलं, क्षणभर उचललं गेलं, रस्त्यावरची पकड सुटली. मोटरची उलटी ओढ चालूच असल्यामुळे त्या चाकाचा वेग एकदम पडतो. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर ते पाहतो आणि त्याला वाटतं चाक घसरतंय. तो पहिली गोष्ट करतो ती रीजेन बंद. त्याने तसंच करायला हवं, कारण घसरत्या चाकाला मोटरने ओढत राहणं धोक्याचं. पण मोटरने सोडलेला जोर तेलाला उचलायला थोडा वेळ लागतो, दशांश सेकंदांची गोष्ट, आणि साध्या प्रकारच्या गाडीत तर तुमचा पाय हलका असेल तर तेल तेवढा जोर उचलणारच नाही. गाडी पुढे पळालेली नसते, फक्त तिचं थांबणं कमी झालेलं असतं. पण शरीराला ते धक्का दिल्यासारखंच लागतं. विजेची गाडी घेतलेले जवळजवळ सगळे हे एकदा तरी अनुभवतात आणि घाबरतात.

यावर उपाय पायाचा आहे, पाना-पकडीचा नाही. रंबलर, खड्डा, रेल्वे फाटक दिसलं की त्याच्या आधीच पेडल नेहमीपेक्षा जरा घट्ट दाबून वेग उतरवा, म्हणजे पॅड डिस्कला आधीच लागलेले असतात, आणि मग त्यावरून जाताना पाय सैल करा. पावसात तर हे जास्तच पाळा. जून ते सप्टेंबर लाल माती रस्त्यावर येते, साखळी-होंडाकडे ट्रकांनी सांडलेली माती ओली झाली की काय होतं ते इकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. मोटर फक्त एका ॲक्सलवर असेल तर रीजेनचा सगळा जोर त्याच दोन चाकांवर पडतो, तेलाचा ब्रेक मात्र चारही चाकांवर वाटला जातो. म्हणून निसरड्या वळणावर रीजेनची पातळी एक-दोनने खाली आणा. स्टिअरिंगमागच्या पॅडलचे किंवा बटणाचे जे पर्याय दिलेले असतात ते यासाठीच. पावसात सर्वात वरच्या पातळीवर घाट उतरणारे पाहिले की मला त्यांचं नवल वाटतं.

इथे एक आकडा सांगतो, म्हणजे पॅडचे ब्रेक का ठेवावेच लागतात ते पटेल. ७२ च्या वेगात, म्हणजे सेकंदाला २० मीटर, १६०० किलोची गाडी कोरड्या रस्त्यावर जीव खाऊन थांबवायची म्हटली तर पहिल्या क्षणी ब्रेकांना अडीचशे किलोवॅटहून जास्त शक्ती गिळावी लागते. साध्या घरगुती गाडीची मोटर आणि बॅटरी याच्या आसपासही जाऊ शकत नाहीत. रीजेन तीस किलोवॅटचं असेल तर त्या वेगात ते फार तर गरजेच्या आठव्या हिश्शाएवढं थांबवतं. म्हणून समोर अचानक गुरं आली, स्कूटर आडवी आली, तर ‘पाय काढला की थांबेल’ हे डोक्यातून काढून टाका. पेडल पूर्ण दाबा. एबीएस २०१९ च्या एप्रिलपासून आपल्या देशात सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं आहे, ते आपलं काम करेल.

आता तिसरी तक्रार, खर्र-खर्र आवाज. यात वर्कशॉपचा भाग जास्त आहे.

डिस्क बीडाची असते, बाहेर उघडी. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर समुद्राची खारट हवा. एका रात्रीत डिस्कवर केशरी थर येतो. पेट्रोलच्या गाडीत तो पहिल्या दोन-चार ब्रेकांना पुसला जातो आणि आवाज जातो. विजेच्या गाडीत मोटरच थांबवत असल्यामुळे पॅड डिस्कला लागतच नाहीत, थर राहतो, दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक चढतो. गाडी दोन दिवसच उभी होती आणि चार-पाच ब्रेकांनंतर आवाज गेला, तर काळजीचं कारण नाही. चवथीला आठवडाभर गावी गेलात आणि परत आल्यावर गाडी जागेवरून निघताना ‘टक’ करून सुटली, तर पॅड गंजून डिस्कला चिकटले होते. तेही एकदा झालं तर चालतं.

चालत नाही ते आतलं. विजेच्या गाड्यांचं कॅलिपर खोलताना मला जे दिसतं ते सांगतो. बाहेरचा पॅड जवळजवळ नवा, त्यावरची खाचसुद्धा जशीच्या तशी. मालक खूश, म्हणतो पॅड टिकले. मग कॅलिपर सरकवायला गेलं तर तो हलत नाही. ज्या दोन पिनांवर तो मागे-पुढे सरकतो त्यातल्या एकीचं रबरी बूट फाटलेलं, आत पाणी गेलेलं, ग्रीसचा चिकट करडा गोळा झालेला, पिन हातोडीनेच निघते. आतला पॅड एका कडेला झिजून तिरपा. डिस्कच्या बाहेरच्या काठावर गंजाची कड आलेली, नख लावलं तर अडकते, आणि मधल्या चकाकत्या पट्ट्याची रुंदी पॅडपेक्षा कमी. म्हणजे पॅड पूर्ण टेकतच नव्हता. अशी गाडी रोजच्या वापरात काहीच सांगत नाही, कारण रोज थांबवते मोटर. ज्या दिवशी बॅटरी भरलेली असते किंवा जोराचा ब्रेक लागतो त्या दिवशी ती एका बाजूला ओढते.

मागच्या चाकांचं तर विचारूच नका. त्यांना काम आणखी कमी. फोक्सवॅगनने आपल्या आयडी मालिकेतल्या विजेच्या गाड्यांना मागे पुन्हा ड्रम दिले, त्यामागचं एक कारण हेच: बंद ड्रमच्या आत गंज कमी धरतो. लोकांनी त्याला हिणवलं, जुनाट म्हणाले. आमच्या हवेत मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

तेव्हा पॅडना काम द्या. आठवड्यातून एकदा, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नाही हे पाहून, रीजेन सर्वात खालच्या पातळीवर घ्या आणि साठवरून वीसपर्यंत पेडलने चांगला घट्ट ब्रेक मारा, असं पाच-सहा वेळा. पावसाळ्यात घरी पोचायच्या आधी एक-दोन घट्ट ब्रेक मारून डिस्क गरम करून आणा, म्हणजे ओल्या डिस्कने गाडी उभी राहणार नाही. काही महाग गाड्या वायपर चालू असताना पॅड आपसूक हलके टेकवून डिस्क पुसत राहतात. तुमच्या गाडीत ते असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल. आणि गंमत म्हणजे तुमचा तो सकाळचा भरल्या बॅटरीचा उतार, ज्याची तुम्ही तक्रार करता, तोच तुमच्या पॅडना रोज थोडं काम देतोय. मी तुमच्या जागी असतो तर आठवड्यातले पाच दिवस ९० टक्क्यांवर आणि एक दिवस मुद्दाम शंभरवर निघालो असतो.

ब्रेक ऑइलबद्दल एक गैरसमज सर्रास ऐकतो: ‘विजेच्या गाडीचे ब्रेक वापरले जात नाहीत, मग ऑइल कशाला बदलायचं?’ ऑइल वापराने जुनं होत नाही, हवेतला दमटपणा शोषून होतं. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब घाटात पॅड धरून उतरलात तर कॅलिपरजवळचं तेल तिथवर जाऊ शकतं. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल जमिनीला लागतं. तुम्ही ज्याला ब्रेक फेल म्हणता त्याची सगळ्यात खरी वाट ही आहे, आणि ती संगणकातून जात नाही. कंपनीने दोन वर्षांनी बदला म्हटलं असेल तर दोनच वर्षांनी बदला. पाण्यामुळे आतून गंज धरून एबीएसचा युनिट खराब झाला तर खर्च ऐकूनच बसायला होतं.

बाबांच्या न्यूट्रलबद्दल. उतारावर न्यूट्रल केलं की मोटर चाकांपासून विजेने सुटते, रीजेन पूर्ण बंद होतं, सगळा भार पॅडवर. पेट्रोल वाचवायला लोक पूर्वी ते करायचे, तेव्हाही ते चुकीचंच होतं. इथे तर वाचण्याऐवजी फुकट मिळणारी वीज तुम्ही उष्णता करून उडवता. बॅटरी भरलेली असताना मोटर तशीही थोपवत नाही, म्हणून फरक दिसणार नाही असं वाटेल. पण दोन किलोमीटरवर रीजेन परत यायला लागतं तेव्हा गाडी डी मध्येच हवी. उतारावर गिअर डी मध्ये आणि पाय पेडलवर.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पणजीच्या रोजच्या रांगेत कामाची आहे. पाय काढल्यावर गाडी जोरात दबते तेव्हा मागच्याला ब्रेकचा दिवा दिसतो का? संयुक्त राष्ट्रांच्या आर १३-एच या नियमात रीजेनसाठी अशी मर्यादा आहे: गाडीचा वेग सेकंदाला ०.७ मीटर प्रतिसेकंद किंवा त्याहून मंद उतरत असेल तर दिवा लागू नये, १.३ च्या वर गेला तर लागलाच पाहिजे, मधल्या पट्ट्यात कंपनीने ठरवावं. म्हणजे रीजेन मधल्या पातळीवर असेल तर तुमची गाडी बऱ्यापैकी मंदावतेय आणि मागच्या बाइकवाल्याला काहीच कळत नाही, असं घडू शकतं. मागून येणाऱ्या ओळखीच्या गाडीवाल्याला, तुम्ही पाय काढल्यावर लाल दिवा कधी लागतो ते एकदा बघायला सांगा.

आता काळजी कधी करायची. पेडल स्पंजासारखं मऊ लागतंय किंवा रोजच्यापेक्षा खोल जातंय. पेडल अचानक दगडासारखं कडक झालंय. हे बूस्टर गेल्याचं लक्षण, आणि तेव्हा पेडल वारंवार न मारता एकदाच पूर्ण ताकदीने दाबून धरायचं. विजेचा बूस्टर बंद पडला तरी पायाचा जोर तेलापर्यंत पोचेल अशी वाट ठेवलेली असते, फक्त ताकद कितीतरी जास्त लागते. व्हॅक्यूम पंप थांबतच नाही. लाल ब्रेकचा दिवा, किंवा पिवळा एबीएसचा दिवा, गाडी चालू केल्यावर विझत नाही. थांबल्यावर एकाच चाकातून जळका वास किंवा तेच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला जाते. यातलं काहीही दिसलं तर ‘नॉर्मल’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. स्कॅनर कोड दाखवत नाही याचा अर्थ सेन्सरना काही दिसलं नाही एवढाच. गंजलेल्या पिनेला सेन्सर नसतो.

पुढच्या सर्व्हिसला जाल तेव्हा जॉबकार्डवर शब्दांत लिहून घ्या: चारही चाकं काढणे, कॅलिपरच्या पिना बाहेर काढून साफ करून नवं ग्रीस, रबरी बूट तपासणे, आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी वेगवेगळी मोजणे. ‘ब्रेक चेक’ एवढंच लिहिलं तर चाकाच्या जाळीतून टॉर्च मारून बाहेरचा पॅड बघतात आणि टिक करतात. विजेचा हँडब्रेक असेल तर मागचे पॅड काढण्याआधी स्कॅनरने किंवा गाडीच्या मेनूतून मेंटेनन्स मोड लावावाच लागतो. क्लॅम्प लावून पिस्टन मागे दाबणाऱ्याला हात लावू देऊ नका, आतली छोटी मोटर आणि स्क्रू जातो. विजेचा बूस्टर असलेल्या गाडीत ब्रेक ऑइल बदलतानाही हवा काढायला बहुधा स्कॅनर लागतो, म्हणून ते काम कोपऱ्यावरच्या गॅरेजात देण्याआधी त्यांच्याकडे तो आहे का विचारा.

तोवर चार्जिंगची मर्यादा ९० वर लावून आठवडाभर म्हार्दोळचा उतार उतरून बघा. सकाळचा फरक गेला तर कारण बॅटरीचंच होतं. ९० वरही गाडी तशीच सुटत राहिली, तर मॉडेल, वर्ष आणि पाय काढल्यावर पॉवरचा काटा कुठे जातो ते लिहा. मग वेगळ्या दिशेने शोधावं लागेल.